प्रथिनाचे नाव आणि प्रथिनाचे मोल

कापडाच्या गादीवर बसणाऱ्या माणसाने कोंबडीच्या खाद्यावर लेखणी उचलावी, याचे काही वाचकांना नवल वाटेल. पण आज मालेगावसारख्या गावात हे दोन धंदे एकमेकांपासून फार दूर राहिलेले नाहीत. लूमच्या मंदीने हैराण झालेल्या कित्येक घरांतील तरुणांनी गेल्या काही वर्षांत गावाबाहेर शेड टाकून ब्रॉयलर पाळण्यास सुरुवात केली आहे. कोणी चिकनचे दुकान काढले, तर कोणी मका आणि पेंडीची दलाली धरली. भांडवल मात्र बहुतेकांचे कापडाचेच. तेव्हा हा प्रश्न आमचाही आहे.

आमचा भाचा त्यांपैकीच एक. त्याने कोणत्याही कंपनीच्या करारात न जाता स्वतःचे तीन हजार पक्षी ठेवले, भरडा करण्याची छोटी गिरणी आणि मिक्सर बसविला आणि घरचेच खाद्य तयार करू लागला. पहिल्या काही लॉटमध्ये चार पैसे सुटले. मग ऐन पावसाळ्यात एका व्यापाऱ्याने त्याला सांगितले की, सोयापेंड कशाला घेता? आमच्याकडे तांदळाचे डीडीजीएस आहे, प्रथिने तितकीच आणि भाव जवळजवळ निम्मा. भाच्याने हिशेब केला आणि अर्ध्याहून अधिक सोयापेंड काढून टाकली. पस्तिसाव्या दिवशी जो पक्षी दोन किलोच्या घरात असायला हवा, तो दीड किलोलाही पोहोचला नव्हता. विष्ठा पातळ, पिसे विस्कटलेली, एक पक्षी मोठा तर दुसरा खुरटा. तो आमच्याकडे येऊन म्हणाला, "मामू, प्रोटीन तर पंचेचाळीस टक्के होते, पावतीवर लिहिलेले आहे. मग माल वाढला का नाही?"

त्या शेडमध्ये आमचेही पैसे होते, म्हणून या प्रश्नाचा पाठपुरावा आम्हाला करावा लागला. पशुवैद्यकांना भेटलो, खाद्य बनविणाऱ्यांशी बोललो, नमुने प्रयोगशाळेत पाठविले. त्यातून जे समजले ते या पानाच्या वाचकांपुढे ठेवीत आहोत. उद्देश एवढाच की, जे नुकसान एका घराने सोसले ते दहा घरांनी सोसू नये.

सोयापेंडीचे राज्य

आपल्याकडे ब्रॉयलरचे खाद्य म्हणजे ढोबळमानाने दोन वस्तू. मका साधारण ५५ ते ६५ टक्के आणि सोयापेंड २५ ते ३५ टक्के. उरलेल्या भागात तेल, खनिजे, जीवनसत्त्वे, मीठ आणि कारखान्यात तयार होणारी अमिनो आम्ले. मका ताकद देतो, सोयापेंड मांस बांधते. भारतीय मानक आयएस १३७४ प्रमाणे पिल्लाच्या पहिल्या खाद्यात २३ टक्के, नंतर २२ आणि शेवटच्या टप्प्यात २० टक्के प्रथिने अपेक्षित आहेत. चाळीस-बेचाळीस ग्रॅमचे पिल्लू पाच-सहा आठवड्यांत दोन किलोचे होते आणि तेवढ्यासाठी सव्वातीन किलोच्या आसपास खाद्य खाते. कोंबडी तयार करण्याच्या एकूण खर्चात खाद्याचा वाटा ६५ ते ७० टक्के धरला जातो. म्हणजे खाद्याच्या भावात रुपयाचा फरक पडला तरी पाळणाऱ्याचा सारा नफा इकडचा तिकडे होतो.

एका वस्तूवर इतका भार टाकला की काय होते, हे २०२१ मध्ये सर्वांनी पाहिले. त्या वर्षी पावसाळ्यात सोयाबीन क्विंटलला नऊ हजारांच्या पुढे गेले. हमीभाव होता ३,९५० रुपये. पोल्ट्रीवाल्यांनी आरडाओरडा केला आणि ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्र सरकारने जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनची १२ लाख टन पेंड आयात करण्यास परवानगी दिली. पुढे नवे पीक बाजारात आले, भाव उतरले आणि लातूर, नांदेड, वाशीमचा शेतकरी नाराज झाला. मग २०२४ मध्ये चित्र उलटे झाले. हमीभाव ४,८९२ रुपये जाहीर झाला आणि बाजारात सोयाबीन त्याच्या खाली विकले गेले. भाव चढला तर कोंबडीवाला मरतो, उतरला तर शेतकरी मरतो. अशा बाजारात पर्याय शोधला पाहिजे, याबद्दल दुमत नाही. दुमत आहे ते पर्याय कसा शोधावा याबद्दल.

इथेनॉलचा चोथा

सध्या बाजारात सर्वांत जास्त बोलबाला आहे तो डीडीजीएसचा. मका किंवा तुकडा तांदूळ आंबवून इथेनॉल काढले की जो चोथा उरतो, तो सुकवून विकतात. त्याचेच हे नाव. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट २०२५ मध्ये गाठले गेले. त्यासाठी धान्यावर चालणारे कारखाने उभे राहिले आणि हा चोथा ढिगाने बाजारात आला. मक्याच्या चोथ्यात २६ ते ३० टक्के प्रथिने असतात, तांदळाच्या चोथ्यात ४२ ते ४५ टक्के. सोयापेंडीत ४४ ते ४८. आकडा पाहिला तर तांदळाचा चोथा आणि सोयापेंड शेजारी शेजारी बसतात. आमचा भाचा फसला तो इथेच.

प्रथिन हे एक जिन्नस नव्हे. ते वीस-एक अमिनो आम्लांचे बनलेले असते आणि कोंबडीला त्यातील काही आम्ले खाद्यातूनच मिळावी लागतात. त्यांत लायसिन आणि मेथिओनिन ही दोन सर्वांत महत्त्वाची. कापडवाल्यांच्या भाषेत सांगायचे तर ताणा भरपूर आहे आणि बाणा कमी आहे, तर कापड बाण्याएवढेच निघेल. उरलेला ताणा वाया. कोंबडीचेही तसेच. लायसिन जेवढे, मांस तेवढेच. बाकीचे प्रथिन ती विष्ठेवाटे फेकून देते. म्हणूनच शेडमधील लिटर ओले होते आणि अमोनियाचा वास सुटतो.

एक हिशेब मांडून पाहू. यातील भाव केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत. वाचकांनी आपल्या बाजारातले घालावेत. समजा सोयापेंड ४० रुपये किलो आणि तिच्यात ४६ टक्के प्रथिने. म्हणजे एक किलो प्रथिन पडले ८७ रुपयांना. समजा मक्याचा चोथा २२ रुपये किलो आणि त्यात २८ टक्के प्रथिने. एक किलो प्रथिन पडले साडेअठ्ठ्याहत्तर रुपयांना. चोथा स्वस्त झाला! आता लायसिनचा भाव काढा. सोयापेंडीत लायसिन सुमारे २.८ टक्के, मक्याच्या चोथ्यात सुमारे ०.८ टक्के. सोयापेंडीतून एक किलो लायसिन मिळाले १,४३० रुपयांच्या आसपास, चोथ्यातून २,७५० रुपयांना. जे स्वस्त वाटले ते दुप्पट महाग निघाले. त्यातही चोथा सुकविताना जास्त भाजला गेला असेल तर असलेले लायसिनही कोंबडीच्या अंगी लागत नाही. माल गडद तपकिरी आणि करपट वासाचा असेल तर समजावे की तो जळालेला आहे.

याचा अर्थ चोथा वाईट, असे आम्ही म्हणत नाही. पोती भरून लायसिन आणि मेथिओनिन विकत मिळतात. जाणकार माणूस ती योग्य प्रमाणात घालून चोथ्याची उणीव भरून काढतो आणि खाद्यातील एकूण प्रथिन एक-दोन टक्क्यांनी कमी करूनही तेवढेच वजन मिळवितो. तज्ज्ञ लहान पिल्लांना चोथा फार थोडा देतात आणि मोठ्या पक्ष्यांना पाच ते दहा टक्क्यांपर्यंत. भाच्याने दिला तो याच्या कितीतरी पट, आणि तोही वरून लायसिन न घालता.

दुसरी गोष्ट बुरशीची. एक क्विंटल मक्यातून सुमारे ३० किलो चोथा निघतो. स्टार्च निघून गेला, पण मक्यात बुरशीचे विष असेल तर ते तेवढेच राहिले. म्हणजे ते विष चोथ्यात जवळजवळ तिप्पट झाले. मानकाप्रमाणे कोंबडीच्या खाद्यात अफ्लाटॉक्सिन बी-१ किलोला २० मायक्रोग्रॅमच्या वर असू नये. आमच्या भाच्याच्या पोत्यांतील नमुना या मर्यादेच्या वर निघाला. पावसाळ्यात भिजलेल्या गोदामातला माल होता तो.

आमच्या कापसाची सरकी

आता आमच्या धंद्याच्या जवळची गोष्ट. कापूस म्हटले की आम्हाला धागा दिसतो. पण शेतातून आलेल्या कापसाच्या वजनात रुई केवळ एक तृतीयांश असते. दोन तृतीयांश असते सरकी. खानदेश, विदर्भ आणि मराठवाडा या भागांत एवढी सरकी निघते, तिचे तेल काढतात आणि पेंड म्हशीला घालतात. फोलपट काढून तेल पूर्ण शोषून घेतलेल्या सरकीच्या पेंडीत ४० टक्क्यांच्या पुढे प्रथिने असतात. मग ती कोंबडीच्या पोटी का जात नाही?

कारण सरकी फोडली की आत जे काळे ठिपके दिसतात, त्यांत गॉसिपॉल नावाचे द्रव्य असते. गाई-म्हशीच्या मोठ्या पोटात त्याचा जोर बराचसा मोडतो. कोंबडीच्या पोटात मोडत नाही. वाढ खुंटते, यकृतावर ताण येतो आणि अंडी देणाऱ्या कोंबडीला घातले तर साठविलेल्या अंड्याचा बलक हिरवट पडतो. शिवाय घाण्यात पेंड तापली की हेच द्रव्य लायसिनला चिकटून बसते. खाद्यात मोकळे गॉसिपॉल किलोला १०० मिलिग्रॅमच्या आत ठेवावे आणि हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट घालून त्याला बांधावे, हा जुना उपाय आहे. मुंबईच्या माटुंग्यातील केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने सरकीची पेंड सूक्ष्मजीवांच्या साह्याने आंबवून तिच्यातील गॉसिपॉल कमी करण्याची पद्धत तयार केली आहे. तिकडे अमेरिकेत, टेक्सासच्या कृषी विद्यापीठात कीर्ती राठोड या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञाने पानात गॉसिपॉल ठेवून केवळ सरकीतून ते जवळजवळ काढून टाकलेला कापूस तयार केला. २०१८ मध्ये त्याच्या लागवडीला आणि २०१९ मध्ये माणसांच्या व जनावरांच्या खाण्यात वापरायला तिथल्या सरकारी खात्यांनी संमती दिली.

आमचा प्रश्न आहे तो असा. जिनिंग आणि तेल गिरण्या आपल्या, सरकी आपली, संशोधन करणारी संस्थाही आपली. तर मग फोलपट काढून आंबविलेल्या, तपासलेल्या सरकीच्या पेंडीचे दोन-चार छोटे कारखाने खानदेशात का निघू नयेत? धागा विकण्याची आपल्याला सवय आहे. बी विकण्याची सवय आपण लावून घेतलेली नाही. रेशमाच्या कामातही हेच आहे. कोश उकळून धागा काढला की आत उरलेला किडा प्रथिनांनी भरलेला असतो. कर्नाटकात त्याचे तेल काढून तो मासे आणि कोंबड्यांच्या खाद्यात जातो. आपल्याकडे जिथे कोश होतात तिथे तो वाया जाऊ नये.

बाकीचे पर्याय

इतर पेंडींबद्दल थोडक्यात. शेंगदाण्याच्या पेंडीत प्रथिने सोयापेंडीएवढी, पण लायसिन निम्मे आणि बुरशीची भीती सर्वांत जास्त. सूर्यफुलाच्या पेंडीत तंतू फार, मोहरीच्या पेंडीत कडवट द्रव्ये. गवारगम काढून उरलेल्या कोरम्यात ५० टक्क्यांच्या आसपास प्रथिने असतात. पण त्यात राहिलेल्या डिंकाने विष्ठा चिकट होते, म्हणून तो भाजलेला आणि थोडाच घालावा. तिळाच्या पेंडीत मेथिओनिन चांगले असते, पण ती मिळते कमी. प्रत्येकीला एक गुण आणि एक खोड आहे. एकीनेच सोयापेंडीची जागा भरून काढावी हा हट्ट सोडून तीन-चार वस्तूंची थोडी थोडी सांगड घातली, तर काम होते. सूतगिरणीवाले चार गावांचा कापूस एकत्र करून एकसारखे सूत काढतात, ते काय वेगळे आहे?

काळ्या माशीच्या अळ्यांचाही मोठा गाजावाजा आहे. भाजीबाजाराच्या टाकाऊ मालावर अळ्या वाढवायच्या, सुकवायच्या आणि दळायच्या. प्रथिने ४० टक्क्यांच्या पुढे. गावठी कोंबडी किडे वेचूनच जगते, तेव्हा कल्पना वाईट नाही. परंतु किड्यांच्या प्रथिनाचे कारखाने काढणाऱ्या फ्रान्समधील एका बड्या कंपनीवर २०२४ मध्ये न्यायालयाचे संरक्षण मागण्याची वेळ आली. माल चांगला असून भाव परवडला नाही तर धंदा चालत नाही, हे आम्हा व्यापाऱ्यांना कोणी शिकवायला नको.

खाणाऱ्याचा हक्क

प्राण्यांपासून निघणाऱ्या प्रथिनांचा प्रश्न निराळा आहे. मासळीची भुकटी उत्तम, पण तिच्यात वाळू आणि मीठ मिसळण्याची खोड जुनी. मांस आणि हाडे यांच्या भुकटीबद्दल मात्र आमच्या वाचकांनी लक्ष घालावे. अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या नियमाप्रमाणे गोवंशीय जनावरे आणि डुक्कर यांच्या मांस-हाडांची व रक्ताची भुकटी दूध व मांस देणाऱ्या जनावरांना घालण्यास मनाई आहे. पण कोंबडी, डुक्कर आणि मासे यांना त्या मनाईतून वगळले आहे. युरोपात वेड्या गाईच्या रोगानंतर २००१ पासून अशा भुकटीवर बंदी होती. २०२१ मध्ये तिथे डुकराच्या भुकटीला कोंबडीच्या खाद्यात परवानगी देण्यात आली.

जबह योग्य झाला की आपण निश्चिंत होतो. पण कोंबडीने काय खाल्ले, हाही प्रश्न आहे. घाण खाणाऱ्या जनावराला फिकहच्या किताबांत 'जल्लाला' म्हटले आहे आणि त्याला काही दिवस बांधून स्वच्छ चारा खाऊ घालावा असे सांगितले आहे. कोणत्या वस्तूला हा हुकूम लागू होतो, हे सांगणे उलेमांचे काम आहे. आम्ही त्यात पडत नाही. आम्ही व्यापारी म्हणून इतकेच म्हणतो की, पोत्यावर काय घातले आहे ते लिहिलेलेच नसेल तर उलेमांना तरी काय विचारणार? शाकाहारी पेंडीवर वाढलेली कोंबडी हवी असणारे गिऱ्हाईक केवळ मुसलमान नाहीत. हा हक्क प्रत्येक खाणाऱ्याचा आहे.

खळीचे वजन

कापडाच्या बाजारात नवशिक्या माणसाला फसविण्याची एक पद्धत आहे. ग्रे कापडावर खळ जास्त मारली की ताग्याचे वजन वाढते, हाताला भरदार लागते. पहिल्या धुण्यात खळ निघून जाते आणि हातात जाळी उरते. खाद्याच्या बाजारातही ही खळ आहे. प्रयोगशाळा प्रथिन थेट मोजत नाही. नायट्रोजन मोजते आणि त्याला ६.२५ ने गुणते. म्हणून कोणी युरिया मिसळला तरी कागदावर प्रथिन वाढते. २००८ मध्ये चीनमध्ये दुधात मेलामाइन घालून हाच खेळ झाला, मुले दगावली आणि त्याच वर्षी हाँगकाँगच्या तपासणीत चीनहून आलेल्या अंड्यांतही मेलामाइन सापडले; ते कोंबड्यांच्या खाद्यातून आले होते. तेव्हा पावतीवरचे 'पंचेचाळीस टक्के' हे केवळ नाव आहे, मोल नव्हे.

आणि या खळीचा फटका बसतो कोणाला? कराराने कोंबड्या पाळणाऱ्याची अवस्था पहा. पिल्ले कंपनीची, खाद्य कंपनीचे, औषध कंपनीचे. शेड, वीज, पाणी आणि रात्रीची जाग त्याची. पक्ष्याने जास्त खाद्य खाऊन कमी वजन दिले तर मजुरी कापली जाते. पण खाद्यातच उणीव असेल तर? त्याच्याकडे ना नमुना, ना अहवाल. ज्या वस्तूवर त्याचा ताबा नाही तिच्या दोषाची शिक्षा तो भोगतो. हा व्यवहार न्यायाचा नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

काय करता येईल?

आमच्या मते चार गोष्टी लगेच होण्यासारख्या आहेत.

पहिली, प्रत्येक पोत्यावर केवळ प्रथिनांचा आकडा न छापता कोणकोणत्या पेंडी आहेत, प्राणिज भुकटी आहे की नाही, लायसिन आणि मेथिओनिन किती, हे मराठीत छापावे.

दुसरी, नमुना. कापडाच्या सौद्यात मंजूर नमुन्याचा तुकडा दोघांकडे राहतो आणि तंटा झाला तर पंच तोच तुकडा पाहतात. खाद्याच्या प्रत्येक लॉटचा मोहोरबंद नमुना पाळणाऱ्याकडेही राहिला पाहिजे आणि त्याचा अहवाल कंपनीवर बंधनकारक असला पाहिजे.

तिसरी, दहा-पंधरा छोट्या शेडवाल्यांनी एकत्र येऊन तपासणीचा खर्च वाटून घ्यावा. एका नमुन्याचा खर्च एकट्याला जड वाटतो. वाटला तर तो एका पोत्याच्या किमतीएवढाही पडत नाही. १९८२ मध्ये अंडीवाल्यांनी एकत्र येऊन स्वतःची समन्वय समिती काढली आणि अंड्याचा भाव आपल्या हाती घेतला. खाद्याच्या तपासणीसाठी तेवढीही मोठी संघटना लागत नाही.

चौथी, ज्यांच्याकडे भांडवल आहे त्यांनी सरकीकडे पहावे. दुसऱ्याच्या गोदामातील चोथ्याची दलाली करण्यापेक्षा आपल्या मातीतील बियांवर प्रक्रिया करणे अधिक टिकाऊ आहे. त्याने कापूस पिकविणाऱ्यालाही दोन पैसे जास्त मिळतील.

आमच्या भाच्याचा तो लॉट तोट्यात गेला. आम्ही त्याला धंदा सोड असे सांगितले नाही. आता तो माल घेण्याआधी नमुना पाठवितो, अहवाल येईपर्यंत पैसे देत नाही आणि अर्धा चमचा लायसिन तोलतानाही काटा दोनदा पाहतो. चोथा तो आजही घेतो. थोडा घेतो, पारखून घेतो. ज्या व्यापाऱ्याने माल दिला त्याच्याशी भांडण केले, पण हाती काही आले नाही, कारण सौद्याचा नमुना आमच्याकडे नव्हता. चाळीस वर्षे कापड विकताना आम्ही नमुना घेतल्याखेरीज एक तागा उचलला नाही, आणि पेंड घेताना मात्र पावतीवर विश्वास ठेवला. चूक व्यापाऱ्याची होती तशी आमचीही होती, हे कबूल केलेच पाहिजे.